पंख्याची साक्ष

देगूचा ऑगस्ट रात्रीही अंगावरून उतरत नाही.
डांबर मऊच राहतं, झाडांवरचे किडे
दिव्यालाच सूर्य समजून ओरडत बसतात.
दहाला आई उठते, खोल्याखोल्यांतून फिरते,
प्रत्येक पंख्याचं बटण पिळते:
तीस मिनिटं. पुढे नाही.
खिडकी बोटभर उघडी.

बंद खोलीत रात्रभर पंखा चालला की माणूस मरतो,
ती सांगते,
तांदूळ तीनदा धुवावेत हे सांगावं, तितक्याच सहज.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो.
सतरा वर्षं वाद घातलाय तिच्याशी.
खोलीचं घनफळ काढून दाखवलं, वहीचं पान भरून.
पाती हवा ढकलतात, आई, खात नाहीत.
एकदा तर बंद खोलीत पंखा लावून
आडोशाला मेणबत्ती ठेवली.
सकाळी ती जळतच होती.
आई म्हणाली, मेणबत्तीला कुठे फुप्फुसं असतात?

मग या वसंतात आजोबांची पेटी उघडली.
जमिनीचे कागद, तुटका चष्मा,
आणि मामाचा दाखला.
ब्योंगहो, वय सव्वीस, कापडगिरणीच्या रंगखात्यात,
तीन महिने पगार नाही.
मृत्यूचं कारण: तिथे पंख्याचं नाव नव्हतं.
दुसराच शब्द होता, जो आमच्या घरात
कुणी कधी उच्चारला नाही.
खाली आजोबांचा लाल शिक्का,
जरा तिरपा उमटलेला.

खोली बंद होती, हे खरं.
पंखा फिरत होता, हे खरं.
सोमुन बाजारातून हप्त्यावर आणलेला,
दोनच हप्ते फेडलेले, हेही खरं.
दार आईने उघडलं. ती एकोणीस वर्षांची होती.
ओळीने सगळं खरंच आहे.
आजोबांनी पदरचा फक्त एक शब्द घातला:
म्हणून.

त्या एका शब्दावर
आजीला बाजारात मान वर करून जाता आलं.
शेजाऱ्यांनी आपापले पंखे लवकर बंद केले,
पोरांना दटावलं,
आणि दरवर्षी मामाच्या तिथीला
त्याच्या फोटोपुढे भात, सूप, कापलेलं पेअर मांडताना
कुणाला खाली बघावं लागलं नाही.
पंख्याचं कुणी काही विचारलं नाही.
तो आपला त्या सकाळीही
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे
मान हलवत होता,
नाही, नाही.

मी कागद घडीवर घडी घालून परत ठेवला.
माझ्या वहीतलं घनफळ मला आठवलं
आणि उगाच ओशाळल्यासारखं झालं,
जणू कुणाच्या मयतीत
मी व्याकरण तपासत होतो.

आज दाओन, माझी आठ वर्षांची,
आजीसमोर उभी राहून म्हणाली,
आजी, ते खोटं आहे. बाबांनी सिद्ध केलंय.
खोलीत गरम शांतता.
आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
मला तिच्या डोळ्यांतलं वाचता आलं नाही,
की पहिल्यांदाच आलं, कोण जाणे.

तुझ्या बाबाचं गणित बरोबर आहे, ती म्हणाली.
पहिल्यापासूनच बरोबर आहे.
आता पंखा बंद कर.

दाओनने माझ्याकडे पाहिलं.
मी बटण पिळलं.
तीस मिनिटं.
मग उठून खिडकी उघडली, बोटभर,
आणि काय वाटलं, अजून थोडी.